चुना, फ्लोराइड, स्ट्रॉन्शियम: दातांच्या आणि हाडांच्या पेशींना हे नुसतं सामान की आणखी काही?

कुळागर
नमस्कार मंडळी. दाढेची कीड पार आतपर्यंत गेली होती. रूट कॅनल ठरलेलंच असं धरून गेले, तर डॉक्टरीणबाईंनी कीड काढून तळाशी पांढरा लगदा भरला आणि वर सिमेंट लावलं. म्हणाल्या, "यातून कॅल्शियम सुटत राहील, आतल्या पेशी आपली आपण नवीन भिंत बांधतील. काही महिन्यांनी एक्स-रे काढू."

माझी समजूत अशी की कॅल्शियम म्हणजे साइटवर उतरवलेले चिरे. गवंडी त्याच्या मनाने बांधतो, चिरा काही त्याला सांगत नाही की आता जोता घाल, आता भिंत चढव. बाईंच्या बोलण्यावरून मात्र चिराच गवंड्याला कामाला लावतो असं वाटलं. खरं काय?

दुसरं, आईची बोन डेन्सिटी कमी आलीय. दुबईहून चुलतभावाने स्ट्रॉन्शियमच्या गोळ्या पाठवल्यात, "हाडं घट्ट होतात" म्हणून. द्याव्यात का?

तिसरं, शेजारचे काका म्हणतात आमच्या फोंड्याच्या बाजूच्या विहिरींच्या पाण्यात काही दम नाही, म्हणून सगळ्यांचे दात असे.

रापणकार
दात असे कारण सकाळी पाव, दुपारी शीतकडी, संध्याकाळी भजी आणि मधे मधे चहाबरोबर बिस्किट. पाण्याला कशाला दोष? बारके तारले काट्यासकट खा, गोळ्या समुद्रात टाका.

माटोळी
गोळ्या समुद्रात टाकल्यावर तारल्यांची हाडं घट्ट होतील, मग काट्यासकट कसे खाणार 😀

दातखीळ
(नाव बघून हसू नये. मडगावात दवाखाना आहे, दात काढण्यात हयात गेली.)

कुळागरताई, तुमच्या बाईंनी बरोबर सांगितलं. दाताच्या बाहेरच्या इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसते. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात, म्हणून इनॅमल एकदा गेलं की गेलं. त्याच्या आतलं डेंटिन मात्र वेगळं. त्याच्या आतल्या कडेला, दाताच्या गाभ्याला लागून, ओडोन्टोब्लास्ट नावाच्या पेशींची रांग असते आणि त्या जन्मभर थोडंथोडं डेंटिन घालत राहतात. कीड जवळ आली की वेग वाढवतात. कीड फार जवळ आली तर त्या मरतात, मग गाभ्यातल्या मूळ पेशींना त्यांची जागा घ्यावी लागते.

आता लगद्याचं. १९२० च्या सुमारास जर्मनीत हर्मान नावाच्या दंतवैद्याने कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरात आणलं. म्हणजे विरवलेला चुनाच, शुद्ध केलेला. त्याचा पीएच (सातच्या खाली आम्ल, वर क्षार) साडेबाराच्या आसपास, जंतू तिथे टिकत नाहीत. गाभ्याला लागला की वरचा पातळ थर जाळतो आणि त्या जळालेल्या थराखाली पेशी नवीन डेंटिनचा पूल बांधायला घेतात. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी एमटीए आणलं, ते मुळात शुद्ध केलेलं पोर्टलँड सिमेंट, थोडं जिप्सम आणि एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड. त्याने पूल जास्त सलग होतो, पण कधीकधी दात काळवंडतो. तुमचा लगदा बहुतेक त्याच घराण्यातला, कॅल्शियम सिलिकेटचा, बिस्मथ नसलेला.

वाळपईकर
म्हणजे वेर्ण्याला हार्डवेअरच्या दुकानात दोनशे रुपयांत मिळतं ते दातात घालायला तुम्ही किती घेता? 😛

दातखीळ
ते घाला. आर्सेनिक, शिसं, राख सगळं फुकट मिळेल. मग माझ्याकडे या, दुप्पट घेईन.

नाट्यवेडी
मी बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणून या धाग्यात उडी.

कुळागर, तुमचा चिरे-गवंडी प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. उत्तर असं की चिरा खरंच सांगतो. १९९३ मध्येच बॉस्टनला ब्राउन आणि हेबर्ट यांच्या गटाने गाईच्या पॅराथायरॉइड ग्रंथीतून एक प्रथिन शोधलं, कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर. पेशीच्या भिंतीवर बसून तो बाहेर कॅल्शियम किती आहे ते बघतो आणि आत निरोप पोचवतो. तोवर कॅल्शियम हे पेशीच्या आतलं निरोप्याचं काम करतं हे ठाऊक होतं. बाहेरचं कॅल्शियम स्वतःच हार्मोनसारखं दार ठोठावतं, हा नवा भाग होता. हाडांच्या पेशींवर हा रिसेप्टर सापडतो, दाताच्या गाभ्यातल्या पेशींवरही.

हाडात याचा खेळ बघण्यासारखा. जुनं हाड खाणारी ऑस्टिओक्लास्ट पेशी हाडाला चिकटते, कडेने जागा बंद करते आणि त्या बंद खळग्यात आम्ल सोडते. खनिज विरघळतं. रक्तात मोकळं कॅल्शियम लिटरला साधारण १.२ मिलिमोल असतं, तर त्या खळग्यात ते ४० मिलिमोलपर्यंत मोजलं गेलंय. एवढं साठलं की ऑस्टिओक्लास्टचं काम मंदावतं, ती जागा सोडते. तेच कॅल्शियम हाड बांधणाऱ्या पेशींना त्या जागेकडे ओढतं. खोदकाम कुठे थांबवायचं आणि भरणी कुठे घालायची, दोन्ही गोष्टी एकाच आयनाच्या (विद्युतभार असलेल्या अणूच्या, इथे कॅल्शियमच्या) प्रमाणावर बऱ्याच अंशी ठरतात. (फक्त त्यानेच नाही. हाडातून सुटणारे वाढीचे घटकही असतात. पण आयन नुसता बघ्या नसतो.)

दातखीळ, तुमच्या चुन्यातही हाच दुहेरी प्रकार आहे ना? डेंटिनमध्ये कोंडलेले वाढीचे घटक जास्त पीएचमुळे मोकळे होतात, आणि कॅल्शियम वेगळं काम करतं.

दातखीळ
हो. म्हणून नक्की कोणामुळे किती, हे दवाखान्यात वेगळं करून दाखवता येत नाही. पूल होतो एवढं दिसतं.

रापणकार
एवढं सगळं होतं तर माझ्या आजीने जन्मभर विड्याला चुना लावून खाल्ला, तिचे दात का पडले?

दातखीळ
रापणकार, आजीचा चुना बहुतेक शिंपल्यांचाच असणार. तिसऱ्या, खुबे, कालवं भट्टीत भाजायची, पाणी टाकून विरवायची. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या भिंतींना तोच चुना, आणि जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पत्रे. माल एकच. पण माझा चुना टाचणीच्या डोक्याएवढा, बंद जागेत, एका वेळेला. आजीचा चुना दिवसातून अनेकदा, उघड्या गालाला, कात आणि सुपारीसकट. आणि दात पडतात ते बहुतेक हिरडीच्या आजाराने, चुना त्याला अडवत नाही.

घरगुती उपाय म्हणून किडक्या दातात विड्याचा चुना कोंबून येणारे पेशंट मी बघितलेत. हिरडी भाजून पांढरी झालेली असते. करू नका.

कुळागर
सुपारीचं नाव काढलंत. आमच्या कुळागरात पोफळी आहेत, घर त्यावर चालतं. त्यावरही काही असेल तर सांगून टाका, मन घट्ट केलंय.

नाट्यवेडी
या धाग्याच्या विषयात ते चपखल बसतं, म्हणून सांगतेच. सुपारीत तांबं बरंच असतं. चघळताना ते लाळेत आणि गालाच्या आतल्या त्वचेत उतरतं. त्वचेतल्या कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधणारं लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही. तांबं जास्त पोचलं की बांधणी जास्त होते, कोलॅजन निघत नाही, गाल आतून ताठर होतो. सुपारीतल्या अरेकोलिन नावाच्या द्रव्याचा वाटाही मोठा. पुढे तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तो कर्करोगाकडे वळू शकतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूविना सुद्धा, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय.

पूजेला लागणारी सुपारी कोणी चघळत नाही, तो बाजार आहेच.

वाळपईकर
+१. माझ्या मावसभावाला झालाय. पंचविशीत. गुटखा. चमचा तिरका घालून जेवतो. विनोद करायचा धागा होता, पण हे सांगणं आलं.

पैनगंगा
मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, आता वेर्ण्याच्या एका कारखान्यात. फ्लोराइडचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

आमच्या गावात हातपंपाचं पाणी प्यायलेल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे. लग्न जमवताना मुलीचे दात बघायचे. म्हाताऱ्यांच्या मानेची हालचाल अशी की मागून हाक मारली तर पूर्ण अंग वळवावं लागायचं. आम्हाला वाटायचं गावाचं वळणच तसं. पुढे सरकारी लोकांनी पाणी तपासलं आणि पंपांवर खुणा केल्या. पण दुसरा पंप लांब, मग बायका त्याच पंपावर. माझ्या वडिलांची पाठ गेली ती गेलीच.

तेव्हापासून टूथपेस्टवर 'फ्लोराइड' वाचलं की माझा हात मागे येतो. माझ्या मुलीला बिनफ्लोराइडची देतो. चूक की बरोबर ते डॉक्टरांनी सांगावं, पण माझं मत बनलंय.

दातखीळ
पैनगंगा, तुमचा राग समजतो आणि तो पाण्यावर असायला हवा तिथेच आहे. पण पेस्टपर्यंत ओढू नका.

फ्लोराइड दोन ठिकाणी दोन कामं करतं. इनॅमल तयार होत असताना, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, पोटातून जास्त फ्लोराइड गेलं तर इनॅमल बनवणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा येतो. त्या आधी प्रथिनांचा सांगाडा घालतात आणि खनिज भरताना तो काढून घेतात. फ्लोराइडमुळे काढणं रेंगाळतं, इनॅमल सच्छिद्र राहतं आणि पुढे त्यात डाग मुरतात. हे पेशींवरचं काम, फक्त बालपणातलं.

दात वर आल्यावर तिथे पेशीच नाही. मग पेस्टमधलं फ्लोराइड करतं ती निव्वळ केमिस्ट्री. इनॅमलचं खनिज पीएच ५.५ च्या खाली विरघळू लागतं. फ्लोराइड त्यात शिरलं की ते ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतं, आणि लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत बसायला मदत होते. म्हणून मुलीला फ्लोराइडची पेस्ट द्या. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, मग सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा.

पैनगंगा
गोव्याच्या पाण्यात किती असतं मग?

सुर्ल
भूजलात काम केलंय, हे माझ्याकडे लागलं. कुळागर यांचा तिसरा प्रश्नही इथेच उरकतो.

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. ते वाढतं कुठे? खडकात फ्लोराइडची खनिजं आहेत, पाणी खोलवर बराच काळ मुरलंय, आणि पाणी क्षारधर्मी पण कॅल्शियमने गरीब आहे तिथे. कॅल्शियम भरपूर असलं तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. गोव्यात वरचा थर जांभ्याचा, पाऊस दांडगा, विहिरी उथळ. पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. ते फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडने दात-हाडं बिघडणं) करणारं पाणी नव्हे.

शेजारच्या काकांचं अर्धं खरं: पाण्यात खनिज कमी आहे. साबणाला फेस बघा किती येतो. पण कॅल्शियम पाण्यातून मिळतं ते थोडकं, ताटातून मिळतं ते जास्त. दात त्यामुळे किडत नाहीत. आणि नळाला येतं ते ओपाचं खांडेपार नदीचं शुद्ध केलेलं पाणी, विहिरीचं नव्हे.

रापणकार
मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं. पाव.

नाट्यवेडी
आता स्ट्रॉन्शियम. कुळागर, आईला देऊ नका, निदान हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नक्कीच नको.

स्ट्रॉन्शियम आवर्तसारणीत कॅल्शियमच्या खालच्याच घरात, म्हणून शरीर फसतं. कॅल्शियम ओळखणाऱ्या त्याच रिसेप्टरवर बसतं, हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देतं आणि खाणाऱ्यांना आवर घालतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. त्यावरून स्ट्रॉन्शियम रॅनलेट हे औषध युरोपात २००४ मध्ये मंजूर झालं. पुढे हृदयविकाराचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दिसला, २०१४ मध्ये वापरावर कडक मर्यादा आल्या, २०१७ मध्ये कंपनीने ते थांबवलं. ऑनलाइन मिळतं ते सायट्रेट, पूरक म्हणून विकलेलं, औषधाची तपासणी न झालेलं.

आणखी एक गोम. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड, तो एक्स-रे जास्त अडवतो. गोळ्या खाऊन डेक्सा (हाडांची डेन्सिटी मोजणारा एक्स-रे) काढला की डेन्सिटी वाढलेली दिसते, त्यातली बरीच वाढ नुसती वजनाची. आई खूष, भाऊ खूष, हाड आहे तिथेच.

माटोळी
म्हणजे रिपोर्ट सुधारायचं औषध. आमच्या पंचायतीला हवंय.

पैनगंगा
नाट्यवेडी, फ्लोराइडच्या बाबतीतही असंच झालं होतं ना? हाडं दाट दिसतात पण तुटतात. वडिलांचा एक्स-रे पांढराशुभ्र होता.

नाट्यवेडी
अगदी तेच. फ्लोराइड हाड बांधणाऱ्या पेशींना खरोखर वाढवतं, म्हणून एके काळी ते ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचं) औषध म्हणून तपासलं. १९९० मध्ये मेयो क्लिनिकची मोठी चाचणी आली. पाळी गेलेल्या २०२ स्त्रिया, रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड किंवा औषध नसलेली नुसती गोळी, चार वर्षं. मणक्याची डेन्सिटी ३५ टक्क्यांनी वाढली. मणक्याची फ्रॅक्चर म्हणण्याइतकी घटली नाहीत आणि बाकी हाडांची फ्रॅक्चर उलट वाढली. हाड जास्त, पण त्याची वीण बिघडलेली.

म्हणून "पेशी जास्त काम करतात" आणि "हाड चांगलं होतं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. जाहिरातीत पहिलं वाक्य दाखवून दुसरं विकतात.

पेडणेकर_आजोबा
मी नुसता वाचत होतो. मला मॅग्नेशियम दिलंय डॉक्टरांनी. कॅल्शियम कमी झालं म्हणून कॅल्शियम दिलं तर वाढेना, मग मॅग्नेशियम दिलं. हे काय गौडबंगाल?

नाट्यवेडी
आजोबा, गौडबंगाल नाही, डॉक्टर हुशार आहेत. मॅग्नेशियम फार घटलं की पॅराथायरॉइडचं हार्मोन नीट सुटत नाही आणि सुटलं तरी हाड-मूत्रपिंड त्याला दाद देत नाहीत. मग कॅल्शियम कितीही ओता, टिकत नाही. आधी मॅग्नेशियम, मग कॅल्शियम आपोआप सावरतं. शरीरातलं निम्म्याहून जास्त मॅग्नेशियम हाडातच साठलेलं असतं. पित्ताच्या गोळ्या बरीच वर्षं घेताय का? त्यानेही मॅग्नेशियम घटतं, डॉक्टरांच्या कानावर घाला.

पेडणेकर_आजोबा
घेतो. रोज सकाळी. देव बरें करूं.

वाळपईकर
सिलिकेट म्हणालात, त्यातलं सिलिकॉन काही करतं का, की नुसतं भरताड?

दातखीळ
करतं. १९६९ मध्ये फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी एक काच बनवली, ४५ टक्के सिलिका, बाकी सोडियम, कॅल्शियम आणि थोडं फॉस्फेट. ती हाडाला अशी चिकटली की ओढून सुटेना. आधी वाटलं की पृष्ठभागावर हाडासारखा थर जमतो, बस. मग कळलं की काच विरघळताना सुटणारं सिलिकॉन आणि कॅल्शियम हाडाच्या पेशींतली जनुकं जागी करतात. काच न लावता नुसतं ते पाणी पेशींना दिलं तरी परिणाम दिसतो. आज काही सेन्सिटिव्हिटीच्या पेस्टमध्ये तीच काच बारीक पूड करून असते, तिथे मात्र ती पेशींना काही सांगत नाही, उघडी छिद्रं बुजवते. दुसऱ्या काही पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं, ते नसेला शांत करतं. तोही आयनच.

कुळागर
खूप धन्यवाद सगळ्यांना. गोळ्या परत दुबईला जातील, भावाला मीच सांगते. आईला डेक्सा करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जातेय.

दातखीळ, पहिल्या प्रश्नाचं शेपूट राहिलं. दाढेला अजून थंड लागतं. म्हणजे पूल बांधला जात नाहीये का? बाई गावाला गेल्यात, दवाखान्यात फोन कोणी नीट उचलत नाही.

दातखीळ
थंड लागून लगेच थांबतं ना? मग चांगली खूण, गाभा जिवंत आहे. थंड लागल्यावर ठणका बराच वेळ टिकतो, गरम लागलं की कळ येते, रात्री दुखून जाग येते, किंवा चावताना दाढ उंच वाटते, यातलं काही असेल तर बाईंची वाट बघू नका, कुठल्याही दंतवैद्याकडे जा. बांबोळीला दंत महाविद्यालय आहेच. एक्स-रेत पूल लगेच दिसत नाही आणि न दिसणं म्हणजे फसलं असंही नाही. दात दुखत नाही, मुळाशी काळी छाया नाही, हे जास्त महत्त्वाचं.

आणि आंबट कमी. सोलकढी पिऊन लगेच ब्रश करू नका, इनॅमल मऊ झालेलं असतं. नुसती चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

रापणकार
सोलकढी सोडायला सांगाल तर मी हा धागाच सोडतो.

दातखीळ
सोडू नका हो. जेवणाबरोबर एक पेला प्या. दिवसभर बाटली घेऊन घोटघोट नको, एवढंच. आणि तारले काट्यासकट, त्याला माझा पाठिंबा आहे.

माटोळी
नाचणीचं तिजाणही घाला यादीत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. फक्त गूळ घालताना हात आखडता, नाहीतर रापणकारांचा पाव बदनाम व्हायचा आणि तिजाण सुटायचं.

रापणकार
पावाला वाचवल्याबद्दल आभारी आहे.